शैवाल आणि सूक्ष्मजीवांचे कल्चर संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टांचे विषय ठरायला लागले की आमच्या लॅबच्या दारात तेच ते प्रश्न येऊन उभे राहतात. आता त्यांत स्पिरुलिना या खाद्य शैवालाच्या टाक्या टाकणारी पोरं आहेत, जीवाणू खतं करणारे शेतकरी गट आहेत आणि विज्ञान प्रदर्शनासाठी 'काहीतरी हिरवं द्या की' म्हणणारे शाळामास्तरही आहेत. तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून लिहून काढली. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो. उत्तरं त्याच खुर्चीवरून दिलेली आहेत, त्यामुळं कुठं कुठं खेकसल्यासारखं वाटेल, ते सोडून द्या.

कल्चर कलेक्शन म्हणजे नेमकं काय? बाटल्यांचं कपाट?

कपाट असतंच. पण आधी घरच्या विरजणाकडं बघा. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. 'आमच्या आजीपासूनचं विरजण आहे' असं आपण कौतुकानं सांगतो. लॅबच्या भाषेत हे सबकल्चर. मात्र त्या विरजणात कोणकोणते जीवाणू आहेत, ते आजीच्या वेळचेच आहेत की मध्ये कधीतरी शेजारच्या काकूंकडून आलेले, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

संग्रहात नेमकं हेच सांगता येतं. प्रत्येक जीव वेगळा, शुद्ध आणि जिवंत ठेवलेला असतो. त्याच्यासोबत त्याची कुळकथा असते: कुठल्या मातीतून किंवा पाण्यातून मिळाला, कुणी वेगळा केला, कोणत्या साली, कोणत्या माध्यमावर (म्हणजे खाद्यावर) आणि किती तापमानाला वाढतो, कुणाकुणाच्या हातून इथं आला. जीव आणि कुळकथा दोन्ही असतील तर तो संग्रह, नाहीतर अडगळ. आमचा जुना डीप फ्रीझर साफ करायला काढला तेव्हा शंभरेक डब्या निघाल्या. निम्म्यांवरची अक्षरं बर्फानं पुसलेली, आणि एकीवर नुसतं 'सरांचं' असं लिहिलेलं. कुठल्या सरांचं? तीन सर निवृत्त झाले होते, एक वारले होते. सगळं ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, टाकून दिलं. आत काय होतं कोण जाणे.

प्रोजेक्टमध्ये 'ई. कोलाय वापरला' एवढं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार.

कोल्हापुरात पैलवान भेटला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या तालमीचा? गंगावेशचा, मोतीबागचा की शाहूपुरीचा? वस्ताद कोण? नुसतं 'पैलवान आहे' म्हटल्यानं कुणाचं समाधान होत नाही. ई. कोलायचंही तसंच. के-१२ नावाचा वाण १९२२ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला, घटसर्पातून बरं होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून मिळाला. लॅबमध्ये वर्षानुवर्षं राहून तो इतका माणसाळलाय की पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात द्यायला भीती वाटत नाही. ओ१५७:एच७ हाही ई. कोलायच, पण तो रक्ती हगवण लावतो, किडनीपर्यंत जातो. आणि दवाखान्याच्या लॅबमध्ये अँटिबायोटिकच्या चकत्या बरोबर काम करतात का हे तपासायला जो लागतो, तो एटीसीसी या अमेरिकन संग्रहाचा नंबर २५९२२. तिघांचं नाव एकच, तालमी वेगळ्या.

म्हणून नाव सांगू नका, संग्रहाचा नंबर सांगा. प्रबंधात, पेपरात, डबीवर, सगळीकडं. नंबर दिला की जगात कुणीही तोच वाण मागवून तुमचा प्रयोग परत करून बघू शकतो. नंबर नसेल तर तुमचा निष्कर्ष तुमच्या डबीपुरता.

एकाच स्ट्रेनला, म्हणजे वाणाला, दोन-तीन नंबर दिसतात. कुठला धरायचा?

ज्या संग्रहातून तुमच्याकडं आला, त्याचा. बाकीचे कंसात लिहा.

उदाहरण देतो. मार्टिनुस बायरिंक या डच शास्त्रज्ञानं १८८९ च्या सुमारास क्लोरेला वल्गारिस हे हिरवं शैवाल शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ती वंशवेल अजून जिवंत आहे. जर्मनीत गटिंगेनला ती एसएजी २११-११बी, स्कॉटलंडमध्ये ओबानच्या संग्रहात सीसीएपी २११/११बी आणि टेक्सासात ऑस्टिनला यूटेक्स २५९. पोरगी एकच, तीन सासरी तीन नावं. तरीही कुठून आणली हे लिहायचंच, कारण वेगवेगळ्या ठिकाणी दशकानुदशकं राहिल्यावर बारीकसारीक फरक पडत जातात. ते पुढं सांगतो.

हे संग्रह सुरू कधी झाले?

प्रागमध्ये फ्रांतिशेक क्राल यांनी १८९० च्या दशकात आपल्याकडची जीवाणूंची कल्चर यादी छापून पैसे घेऊन पुरवायला सुरुवात केली. तो पहिला सार्वजनिक संग्रह मानतात. नेदरलँड्सचा बुरशींचा संग्रह १९०४ चा, अमेरिकेतला एटीसीसी १९२५ चा. शैवालांच्या बाबतीत एर्न्स्ट प्रिंग्सहाइम यांचं नाव घ्यावंच लागतं. प्रागमध्ये जमवलेली कल्चर घेऊन हा माणूस हिटलरच्या छायेतून इंग्लंडला गेला. तिथं केंब्रिजमध्ये जो संग्रह उभा राहिला त्यातूनच आजचा ओबानचा संग्रह आला. पुढं जर्मनीला परतून १९५४ साली त्यांनी गटिंगेनचा संग्रह घडवला. घरदार सोडताना माणूस काय काय बरोबर घेतो बघा.

भारतात कुठं आहेत? कोल्हापूरला जवळचं कुठलं?

पुणं. तुम्ही नशीबवान आहात, रात्रीच्या एसटीनं सकाळी पोचता.

पुण्यात एका शहरात तीन संग्रह आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा, १९५१ पासूनचा. यीस्ट, आंबवणारे जीवाणू, एन्झाइम बनवणाऱ्या बुरशी हव्या असतील तर पहिल्यांदा इथं बघा. आपल्याकडच्या मळीवर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांशी संबंधित प्रोजेक्ट असेल तर बहुतेकदा इथंच काम होतं. दुसरा एनसीएमआर, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात. जुन्या लोकांच्या तोंडी अजून त्याचं एमसीसी हेच नाव आहे. तिसरा आघारकर संशोधन संस्थेतला बुरशींचा राष्ट्रीय संग्रह, एनएफसीसीआय.

पुण्याबाहेर चंदीगडचा एमटीसीसी, १९८६ सालचा, सगळ्यांना माहीत असतो. शेतीच्या सूक्ष्मजीवांसाठी उत्तर प्रदेशात मऊ इथला एनएआयएमसीसी आहे. नीलहरित शैवालांसाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत वेगळं केंद्र आहे, आणि तिरुचिरापल्लीला भारतीदासन विद्यापीठात समुद्री व गोड्या पाण्यातल्या नीलहरित शैवालांचा संग्रह आहे. शैवालाचं काम असेल तर या शेवटच्या दोघांच्या याद्या आधी चाळा. मुलं सवयीनं आधी चंदीगडला पत्र लिहितात आणि दोन आठवडे घालवतात.

शैवालांचे संग्रह वेगळे का ठेवतात?

कारण शैवालाचे लाड वेगळे. जीवाणू अंधाऱ्या इनक्युबेटरमध्ये रात्रीत वाढतो. शैवालाला उजेड लागतो, पण बेताचा. रोज १२ ते १६ तास मंद ट्यूब, १५ ते २० अंश तापमान, आणि वाट बघायची तयारी. एक वसाहत डोळ्यांना दिसायला दोन-तीन आठवडे जातात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान पस्तिशीच्या पुढं जातं आणि ट्यूब खालूनही गरम करतात. आमची निम्मी रॅक एकदा अशीच उकडून गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे शैवाल एकटं राहत नाही. त्याच्या चिकट आवरणात जीवाणू मुक्कामाला असतातच. एकाच जातीचं शैवाल पण सोबत जीवाणू, याला युनिअल्गल म्हणतात. जीवाणूही काढून टाकले की ते अ‍ॅक्सेनिक. मागवताना यादीत हा शब्द आहे का ते बघा. तुम्ही प्रथिनं किंवा जनुकं मोजणार असाल आणि बाटलीत अर्धे जीवाणूच असतील, तर मोजलेलं कुणाचं? उलट नुसती वाढ दाखवायची असेल तर अ‍ॅक्सेनिकच्या मागं लागू नका. कितीतरी शैवालांना बी१२ जीवनसत्त्व स्वतःला बनवता येत नाही, आणि निसर्गात ते त्यांना जीवाणूंकडून मिळू शकतं. जीवाणू हाकलले तर ते आपल्याला बाटलीत घालावं लागतं.

डायटम या एकपेशीय शैवालाची कथा तर अजून न्यारी. त्याची पेशी साबणाच्या डबीसारखी असते: सिलिकाचं, म्हणजे काचेचंच म्हणा, एक झाकण आणि एक तळ. पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक पिल्लाला एक भाग मिळतो आणि दुसरा भाग ते आतल्या बाजूनं बनवतं. ज्याच्या वाट्याला तळ आला, त्याचं तो तळच झाकण होतो आणि आत आणखी लहान तळ बसतो. म्हणजे दर पिढीला काही पेशी किंचित लहान. निसर्गात एका मर्यादेनंतर त्यांचं लैंगिक प्रजनन होऊन आकार पूर्ववत होतो. बाटलीत ते जमलं नाही तर काही जाती लहान होत होत संपतात. सगळी काळजी घेऊनही मरतात. डायटम सांभाळणाऱ्याला माझा नमस्कार.

कल्चर मागवायचं कसं?

संग्रहाच्या संकेतस्थळावर यादी असते. तिथं नंबर शोधा, मागणीपत्र भरा, संस्थेच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जोडा, कशासाठी हवं ते लिहा, पैसे भरा. साधारणपणे एक करारपत्रही सही करून द्यावं लागतं: हे कल्चर दुसऱ्याला देणार नाही, परवानगीशिवाय विकणार नाही वगैरे. ते न वाचता सही करू नका. 'मैत्रिणीला थोडं दिलं तर काय बिघडतं' हा प्रश्न याच कागदानं निकालात निघतो.

रोगकारक जीवाणू असेल तर तुमच्या लॅबमध्ये त्या दर्जाची सुरक्षितता आहे का, जैवसुरक्षा समिती आहे का, ते विचारतात. विचारायलाच पाहिजे.

मला स्वतःच्या नावावर, घरच्या पत्त्यावर मिळेल का?

बहुतेकदा नाही. कॉलेज, संस्था किंवा नोंदणीकृत कंपनीमार्फत मागवा.

पार्सल आलं. काचेची छोटी नळी आहे आणि आत पांढरी भुकटी. पुढं काय?

ती भुकटी म्हणजे तुमचा जीव. त्याला गोठवून, निर्वातात वाळवून ठेवलंय, साय काढलेल्या दुधात किंवा तशाच एखाद्या रक्षक द्रवात. याला लायोफिलायझेशन म्हणतात. कॉफीच्या इन्स्टंट पावडरीचा भाऊच म्हणा. नळीच्या आत हवा नाही.

घाईत टोक मोडलं की हवा एकदम आत घुसते आणि भुकटी उडते. रीत अशी: नळी अल्कोहोलनं पुसा. आतल्या कापसाच्या बोळ्याच्या मध्यावर बारीक कानशीनं एक ओरखडा काढा. निर्जंतुक कापसात गुंडाळून दोन्ही अंगठ्यांनी, तोंडापासून लांब धरून हलकेच मोडा. बोळा असतो म्हणून हवा गाळून, सावकाश शिरते. मग बोळा काढून पिपेटनं अर्धा मिलिलीटरच्या आत-बाहेर ब्रॉथ, म्हणजे द्रव माध्यम, घाला आणि भुकटी विरघळू द्या. त्यातलं थोडं प्लेटवर रेघा ओढून, उरलेलं ब्रॉथमध्ये. पहिल्या दिवशी वाढ दिसली नाही म्हणून फेकू नका. वाळलेला जीव जागा व्हायला वेळ घेतो. मोडलेली काच कचऱ्यात नाही, आधी ऑटोक्लेव्हमध्ये.

आणि सगळ्यात आधी, म्हणजे प्रयोगाच्याही आधी, त्या पहिल्या वाढीतून चार-पाच ग्लिसरॉल स्टॉक (कसे ते पुढं सांगतो) बनवून ठेवा. हे शंभरातली दहा मुलंही करत नाहीत.

शैवालाची स्लँट (नळीत तिरक्या थरात गोठवलेलं माध्यम) आली, पण हिरवी नाही. परत पाठवू का?

थांबा. ऑगस्ट २०१९ चं सांगतो. पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीजवळ रस्ता बंद झाला, आठवत असेल. आमची दोन पार्सलं वाटेत कुठंतरी अडकली. पाणी ओसरल्यावर मिळाली तेव्हा खोकी ओलसर होती. पहिल्यात वाळवलेल्या जीवाणूच्या नळ्या होत्या, त्यांना काहीच झालं नव्हतं, दुसऱ्या दिवशी प्लेट भरली. दुसऱ्यात शैवालाची स्लँट, इतके दिवस अंधारात पडलेली. हिरव्याच्या जागी शेवग्याच्या पिकलेल्या पानासारखा पिवळा पट्टा. आमच्या लॅबच्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, गेलं.

तरी लूपनं (तारेच्या कडीनं) थोडं खरवडून ताज्या माध्यमात टाकलं, फ्लास्कला टिश्यू पेपर गुंडाळला आणि खिडकीपासून लांब ठेवलं. उपाशी शैवालावर एकदम भरपूर उजेड टाकला तर ते उरलंसुरलंही जळतं. अठरा दिवस काही नाही. एकोणिसाव्या दिवशी फ्लास्क हलवल्यावर तळातून हिरवट धूर उठल्यासारखं दिसलं. ते कल्चर अजून आहे.

तेव्हा आधी मंद उजेड आणि तीन आठवडे द्या. मग तक्रार करा.

लॅबमध्ये जपायचं कसं?

चार रस्ते आहेत.

सगळ्यात सोपा म्हणजे सबकल्चर. जीवाणू दर महिना-दोन महिन्याला, शैवाल एक ते सहा महिन्यांनी नव्या स्लँटवर. खर्च कमी, धोका जास्त. ग्लिसरॉल स्टॉक म्हणजे वाढलेलं ब्रॉथ आणि निर्जंतुक ग्लिसरॉल मिसळून उणे ८० अंशाच्या फ्रीझरमध्ये. जीवाणू आणि यीस्ट वर्षानुवर्षं टिकतात. अट एकच, लाइट गेल्यावर जनरेटर चालू झाला पाहिजे. आमच्याकडं एका मोठ्या सुट्टीत तो झाला नाही, त्याबद्दल जास्त बोलत नाही. तिसरा वर सांगितलेला लायोफिलायझेशन. जीवाणू आणि बऱ्याच बुरशींना उत्तम, शैवालांना बहुधा मानवत नाही.

चौथा द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. हे ऐकून मुलं दबकतात. पण तुमच्या गावात कृत्रिम रेतन करणारे डॉक्टर मोटरसायकलला जो अ‍ॅल्युमिनियमचा कॅन लावून येतात, झाकण उघडलं की पांढरी वाफ खाली सांडते, तो याच द्रवाचा. रेड्याच्या वीर्याच्या कांड्या आणि शैवालाच्या कुप्या एकाच तत्त्वावर टिकतात: त्या थंडीत जीवनक्रिया थांबते, म्हणून म्हातारपणही थांबतं. अवघड आहे ते त्या थंडीपर्यंत पोचवणं. पेशीतलं पाणी गोठून टोकदार स्फटिक झाले की पेशी फाटते. म्हणून आधी डीएमएसओ किंवा मिथेनॉल मिसळतात आणि मिनिटाला साधारण १ अंश या गतीनं उणे ४० पर्यंत आणून मग नायट्रोजनमध्ये सोडतात. परत काढताना उलट, झटक्यात, ४० अंशाच्या आसपासच्या कोमट पाण्यात. मग शैवालाला एक दिवस अंधारात विसावा. क्लोरेलासारखी दणकट हिरवी शैवालं हे सोसतात. डायनोफ्लॅजेलेटसारखी कितीतरी अजूनही सोसत नाहीत, त्यांना हातानंच सबकल्चर करत बसावं लागतं.

सारखं सबकल्चर केल्यानं काय बिघडतं? जिवंत तर राहतंय ना?

जिवंत राहतं, पण तेच राहत नाही. बाटलीत खाणं आयतं, वैरी नाही, ऊन नाही, दुष्काळ नाही. निसर्गात उपयोगी पडणारा गुण इथं नुसता बोजा, आणि तो टाकून दिलेली पेशी जरा वेगानं वाढते. दहा-वीस हस्तांतरांनंतर तिचीच लेकरं उरतात. मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालाच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांच्यामुळं ते पाण्यावर तरंगतं. लॅबमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेले काही वाण त्या पोकळ्या गमावून तळाशी बसतात. स्पिरुलिनाची वेटोळी सरळ होतात. बुरशी बीजाणू धरेनाशा होतात, जीवाणू प्लाझ्मिड, म्हणजे जनुकांची जादा कडी, टाकून देतात. तालमीतल्या पैलवानाला नुसता खुराक दिला आणि मेहनत बंद केली तर काय होईल, तसंच.

त्यात माणसाच्या चुका. एकदा लूप चुकीच्या नळीत गेला की पुढच्या सगळ्या पिढ्या परक्या.

मग एवढा खटाटोप करून जपण्यात फायदा काय?

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही आवडत्या आहेत. थॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जीवाणू काढला आणि एटीसीसीला देऊन टाकला. तेव्हा त्याचा उपयोग शून्य. ऊन पाण्यात एवढा जीव कसा जगतो हे कुतूहल, बस. वीसेक वर्षांनी पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राला, उकळीच्या जवळ टिकणारा एन्झाइम हवा होता, तो याच जीवाणूत मिळाला. कोविडच्या काळात आपल्या नाकात कांडी घालून जी तपासणी झाली, तिच्या मुळाशी हे तंत्र आहे.

दुसरी १९४३ ची. अमेरिकेत पिओरिया इथं बुरशी लागलेल्या एका खरबुजावरून पेनिसिलियमचा वाण मिळाला, नंबर एनआरआरएल १९५१. तो नंबर आहे, साल नव्हे. पोरं परीक्षेत हमखास साल म्हणून लिहितात. कारखान्यात पेनिसिलिन बनवणारे पुढचे वाण त्याच्याच वंशातले.

रंकाळ्यातलं शेवाळ आणून बाटलीत ठेवलं तर ते कल्चर झालं का?

ते रंकाळ्याचं पाणी झालं. पण त्यातून कल्चर करता येतं, आणि प्रत्येक मुलानं एकदा तरी करावं असं मला वाटतं.

सकाळी लवकर जा. संध्यामठाच्या बाजूला काठाशी पाणी संथ असतं, तिथं बाटली भरा. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखा तवंग असेल तर हातमोजे घाला. तो बऱ्याचदा मायक्रोसिस्टिसचा असतो आणि त्याच्या काही वाणांचं विष यकृताला बाधतं. असलं पाणी जनावरांनाही पाजू नये. बाटली आणल्या आणल्या एक थेंब मायक्रोस्कोपखाली बघा. सेनेडेस्मसच्या चार-चार पेशींच्या रांगा, पेडिअ‍ॅस्ट्रमची दातेरी चकती, ऑसिलेटोरियाचे डुलणारे धागे दिसतील. तास-दीड तास सहज जातो.

मग वेगळं काढणं. पातळ करून बीजी-११ (शैवालांचं एक माध्यम) आगरवर रेघा ओढा आणि तीन आठवडे थांबा. किंवा काचेची पिपेट आचेवर ओढून केसाएवढी बारीक करा, एकच पेशी उचला, स्वच्छ माध्यमाच्या थेंबात सोडा, परत उचला, दुसऱ्या थेंबात. पाच-सहा थेंबांत आंघोळ घातली की बरोबरचे बहुतेक पाहुणे सुटतात. नीलहरित शैवाल हवं असेल तर सायक्लोहेक्सिमाइड घालून हिरवी शैवालं मारतात, डायटम नको असतील तर जर्मेनियम डायऑक्साइड. आणि नोस्टॉक, अ‍ॅनाबिना यांसारखी हवेतला नत्र धरणारी हवी असतील तर माध्यमातून नायट्रेट काढून टाका. ज्याला स्वतःचं पोट भरता येतं तोच उरतो.

डबीवर जागा, तारीख, पाण्याचं तापमान, पीएच लिहा. पक्क्या शाईनं. पेन्सिलनंही चालेल, पण जेल पेननं नको.

आगरऐवजी बाजारातलं चायना ग्रास वापरलं तर?

लक्ष्मीपुरीतून आणून एका मुलानं केलं होतं. वस्तू तीच, लाल समुद्री शैवालातूनच निघते. पण खाण्याच्या दर्जाची असल्यानं प्लेट गढूळ झाली आणि वसाहती नीट मोजता येईनात. शाळेत दाखवायला हरकत नाही, मोजमापाला नको. बर्लिनमध्ये जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या लॅबमध्ये आगर आलं तेही स्वयंपाकघरातूनच. फॅनी हेसे या बाईंनी १८८१ च्या सुमारास तिथंच काम करणाऱ्या नवऱ्याला सुचवलं, कारण त्याच्या जिलेटिनच्या प्लेटा उन्हाळ्यात वितळत होत्या.

स्पिरुलिनाचं मदर कल्चर संग्रहातून घ्यावं की विकणाऱ्याकडून?

नंबर सांगेल त्याच्याकडून. विकणारे पुष्कळ आहेत आणि बादलीभर हिरवं पाणी देतात. त्यात क्लोरेला मिसळलेलं असलं तर महिन्याभरात तेच मालक होतं. मायक्रोस्कोपखाली वेटोळी बघूनच पैसे द्या. स्पिरुलिनासाठीच्या झारूक माध्यमात लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा असतो. त्याच्या अल्कधर्मी गुणामुळं पीएच साडेनऊ-दहाच्या पुढं राहतो आणि बाकीची शैवालं फिरकत नाहीत. सोडा वाचवायला गेलात की क्लोरेला आलंच. लोणारच्या खाऱ्या सरोवरात स्पिरुलिना आपोआप वाढतं ते याच कारणानं.

शास्त्रीय यादीत शोधताना स्पिरुलिना नावानं मिळालं नाही तर आर्थ्रोस्पायरा किंवा लिम्नोस्पायरा बघा. नाव बदलत राहतं, नंबर नाही.

उसासाठी अ‍ॅसिटोबॅक्टर (हवेतला नत्र धरणारा जीवाणू) पाहिजे. संग्रहातून आणून शेतात टाकू का?

संग्रहातून मिळतो तो चिमूटभर बीजरूप जीवाणू. शेतासाठी तयार जीवाणू खत घ्या, उदाहरणार्थ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं. गट म्हणून स्वतः बनवून विकायचं असेल तर ते खत नियंत्रण आदेशाखाली येतं. पावडरीत ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलीटरला किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. त्या मोजायला लॅब लागते, परवाना लागतो. घरच्या पिंपात गूळ घालून वाढवलेलं तिथं उतरत नाही, त्यात काय काय वाढलंय ते पिंपालाच ठाऊक.

मला नवीन काहीतरी सापडलंय. जमा कसं करायचं?

आधी शांत व्हा. दहातले नऊ वेळा ते बॅसिलस असतं, मातीत सगळीकडं सापडणारं.

दहावी वेळ असेल तर दोन गोष्टी. जीवाणूची नवी जात जाहीर करायची तर तिचा मूळ वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक संग्रहांत जमा करावा लागतो. आणि आपल्या मातीतला जीव परदेशी पाठवायचा म्हणजे २००२ चा जैवविविधता कायदा मध्ये येतो. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी बघा, परवानगी लागत असेल तर वेळेत मागा. मुलं पेपर लिहून झाल्यावर हे विचारायला येतात. पहिल्या दिवशी विचारा.

पेटंटसाठी वेगळं आहे. सूक्ष्मजीव शब्दांत वर्णन करून कुणाला परत बनवता येत नाही, म्हणून तो जिवंतच ठेवावा लागतो. १९७७ च्या बुडापेस्ट करारानं त्यासाठी काही संग्रहांना मान्यता दिली जाते, एका ठिकाणी जमा केलं की करारातल्या सगळ्या देशांत चालतं. भारत २००१ मध्ये त्यात गेला. चंदीगडला ही मान्यता २००२ मध्ये मिळाली, पुण्याच्या एमसीसीला २०११ मध्ये, मऊला २०२० मध्ये. जमा केलेला वाण त्यांना किमान ३० वर्षं सांभाळावा लागतो.

तुमच्या लॅबमधून थोडं क्लोरेला मिळेल का?

शाळेसाठी, प्रदर्शनासाठी, मुलांना मायक्रोस्कोपखाली दाखवायला, जरूर. प्रबंधासाठी नाही. आमच्या क्लोरेलाचा नंबर हरवलाय. मी नोकरीला लागलो तेव्हा ते त्या खिडकीत होतंच, कुणी आणलं ते सांगणारं कुणी राहिलं नाही. म्हणजे आमचंही ते आजीचं विरजणच.

येताना स्वतःची बाटली आणा. कोल्ड्रिंकची असेल तर आधी दोन-तीनदा गरम पाण्यानं विसळून घ्या. गेल्या खेपेला एका मास्तरांनी तशीच आणली, आणि तीन दिवसांत त्यांचा फोन आला की सर, हिरव्याच्या जागी पांढरं वर आलंय, हे कुठलं शैवाल?